कोकणची उभारी आणि झाडाचे वय

महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीचे २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले तर राज्य संकटातून किती झपाट्याने सावरले याचे एक समाधानकारक चित्र उभे राहते. कोरोनाच्या पहिल्या वर्षात राज्याचे उत्पन्न ८ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. पुढल्या वर्षी ते १२.१ टक्क्यांनी वाढेल असा अंदाज आला. त्यातही शेती व संलग्न क्षेत्राची कामगिरी डोळ्यांत भरणारी. कारखाने बंद होते, बाजार बंद होते, तरी महामारीच्या वर्षात हे क्षेत्र ११.७ टक्क्यांनी वाढले असे पहिला अहवाल सांगतो. शेतीने महाराष्ट्राला तारले, हे वाक्य त्यानंतर मंत्रालयापासून परिसंवादापर्यंत सर्वत्र ऐकू आले.

ज्या शेती-वर्षाची ही ११.७ टक्के वाढ, त्याच वर्षात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने काही तासांत आडव्या केल्या. दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या वाड्यांत उभे झाड शोधावे लागत होते. या विध्वंसाचा ओरखडाही त्या आकड्यावर दिसत नाही. आकडा कोणी खोटा केला असे नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेची रीतच अशी आहे की ती वर्षभरात निर्माण झालेल्या उत्पन्नाचा प्रवाह मोजते. आपत्तीत नष्ट झालेली मत्ता त्या प्रवाहातून वजा होत नाही. उलट, पडलेली झाडे तोडून वाहून नेण्याची मजुरी आणि उडालेल्या छपरांच्या पत्र्यांची खरेदी उत्पन्नात जमा होते. विदर्भात सोयाबीन बुडाले तर त्या वर्षीचे पीक बुडते. जमीन जागेवर राहते आणि पुढच्या मृगात पुन्हा पेरणी होते. श्रीवर्धनची पोफळ पडते तेव्हा पुढील अनेक वर्षांची पिके एकदम पडलेली असतात. भात आणि पोफळ यांना एकाच मापाने मोजणारी पाहणी कोकणच्या उभारीविषयी काही सांगूच शकत नाही.

या काळात कोकणावर काय काय कोसळले याचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली, ती नेमकी हापूसच्या हंगामाच्या तोंडावर. बाजार समित्यांची आवक-जावक कोलमडली; एस. टी. महामंडळाने मालवाहतूक सुरू करून आंब्याच्या पेट्या मुंबईला पोहोचवल्या, हा त्या हंगामातला एक दिलासा. मग जूनमध्ये निसर्ग. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा किनारा घासून गुजरातेकडे गेले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले; त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अवघ्या सोळा महिन्यांत एवढे घडले. यांपैकी प्रत्येक आपत्तीचा पंचनामा स्वतंत्र झाला, मदतीचा शासन-निर्णय स्वतंत्र निघाला. ज्या कुटुंबाने हे सारे एकापाठोपाठ सोसले त्याचा एकत्रित पंचनामा मात्र कुठल्याच कार्यालयाने केला नाही.

कोकणचे घर परंपरेने दोन पायांवर उभे आहे. एक पाय वाडीत, बागेत किंवा होडीत, दुसरा मुंबईत. मनीऑर्डरची अर्थव्यवस्था असे तिचे वर्णन पूर्वीपासून होत आले. गावाकडचा पाय अधू झाला की मुंबईचा पाय भार घेई, आणि मुंबईत अडचण आली की गावचे भात आणि नारळ उपयोगी पडत. हा दुसरा पाय यापूर्वी एकदा मोडला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील कितीतरी घरे तळकोकणातली होती. त्या वेळी गावाने माणसे सांभाळली. कारण गावचा पाय शाबूत होता. २०२० मध्ये वेगळेच घडले. मुंबईची हॉटेले, दुकाने, टॅक्सी, कारखाने बंद पडून चाकरमानी गावी परतला, आणि त्याच पावसाळ्याच्या तोंडावर उत्तर कोकणातली त्याची वाडी पडली. दोन्ही पाय एकाच वर्षी निकामी होण्याचा हा प्रसंग कोकणच्या अलीकडच्या इतिहासात नवा आहे, आणि उभारीचा विचार तिथून सुरू व्हायला हवा.

गावचा पाय मुळात किती बळकट होता हेही पाहावे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे एक लाख माणसे कमी झाली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. हे प्रमाण स्त्रियांच्या सन्मानाचे लक्षण म्हणून मिरवण्याची काहींना सवय आहे. त्याचा साधा अर्थ पुरुष पोटासाठी बाहेर गेले आहेत एवढाच. मागे राहिलेली वाडी बाया आणि म्हातारी माणसे राखतात. झाड पडले तर ते उचलायलाही घरात कोणी नसते.

अशा प्रदेशाची दुरवस्था राज्याच्या हिशेबात का दिसत नाही? त्याचे कारण सरासरीत आहे. शासकीय कोकण विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि ठाणे येतात, त्यामुळे दरडोई उत्पन्नात हा विभाग राज्यात अग्रेसर ठरतो. मलबार हिलची श्रीमंती मंडणगडच्या खात्यावर पडते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील तथ्यशोधन समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला तो जिल्हावार. त्या मोजणीच्या पद्धतीबद्दल वाद झाले, पण जिल्हा हे एकक मानण्याचे तिचे शहाणपण वादातीत होते. दहा वर्षांनी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली तेव्हा कोकणाला स्वतंत्र मंडळ मिळाले नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यासह ते ‘उर्वरित महाराष्ट्र’ या नावात जमा झाले. जणू उरलेसुरले ठेवण्याचा तो एक डबा. त्या मंडळांचीही मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि त्यानंतर पाच आठवड्यांनी निसर्ग वादळ आले.

आता मदतीकडे वळू. राज्य शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०२० मध्ये वित्त विभागाने विकासखर्चात ६७ टक्के कपात केली होती. तिजोरीची अशी अवस्था असताना फळबागांसाठी केंद्राच्या निकषाप्रमाणे मिळणारी हेक्टरी १८,००० रुपयांची मदत राज्याने ५०,००० रुपयांपर्यंत वाढवली, मर्यादा दोन हेक्टरांची. केंद्राचा दर २०२२ नंतरही २२,५०० रुपयांपर्यंतच पोहोचला, हे पाहता राज्याची वाढ लहान नव्हती. प्रश्न दराचा जेवढा आहे त्याहून अधिक एककाचा आहे. रायगडच्या किनाऱ्यावर हेक्टर ही गोष्ट सातबाऱ्यावर फारशी भेटतच नाही. तिथे वाडी गुंठ्यांनी मोजतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरी ५०,००० या दराने सुमारे ५,००० रुपये येतात. पोफळी शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतरावर लावल्या तर दहा गुंठ्यांत सुमारे १३७ झाडे बसतात; म्हणजे झाडामागे छत्तीस-सदतीस रुपये. ओरड झाल्यावर पोफळीला झाडामागे ५० आणि माडाला २५० रुपये असा दर ठरला. नव्या दराने त्याच वाडीला ६,८५० रुपये. पडलेली झाडे कापून, मुळे उपटून वाडी मोकळी करण्याची मजुरी त्यात भागणे कठीण. नवी रोपे, आळी, पाणी, कुंपण हे सारे पुढचे.

आणि रोप लावले तरी काय? पोफळ पाचव्या-सहाव्या वर्षी धरू लागते, भर उत्पन्नाला आणखी काही वर्षे घेते. उंच जातीच्या माडाला सहा ते आठ वर्षे लागतात. हापूसचे कलम पाचव्या वर्षी थोडीफार फळे देते, पण घर चालवण्याजोगे उत्पन्न दहाव्या वर्षानंतरच. ‘श्रीवर्धन रोठा’ सुपारीचे नाव देशभर झाले ते पिढ्यान् पिढ्या राखलेल्या वाड्यांमुळे. निसर्गनंतरच्या पावसाळ्यात लावलेली पोफळ पाच वर्षांनी, म्हणजे २०२५ च्या सुमारास कुठे पहिले शिपूट दाखवू लागते. शासनाच्या दफ्तरी मात्र ही आपत्ती पहिल्या मार्चअखेरीसच निकाली निघाली. मदत अर्थसंकल्पाच्या वर्षाने दिली जाते आणि नुकसान झाडाच्या वर्षाने भरून येते. या दोहोंमधली पाच-सहा वर्षे कुटुंबाने कशावर काढायची याचे उत्तर कोणत्याही शासन-निर्णयात नाही.

मच्छीमारांची गत याहून बरी नाही. पूर्णतः नष्ट झालेल्या होडीला केंद्राच्या निकषाने ९,६०० रुपये मिळत होते. तौक्तेनंतर राज्याने ते २५,००० केले आणि जाळ्यांसाठी ५,००० दिले. यांत्रिक नौकेच्या एका दुरुस्तीलाही ही रक्कम पुरत नाही. शिवाय मदत होडीला, म्हणजे होडीच्या मालकाला. बंदरावरून पाटी घेऊन गावोगाव मासे विकणाऱ्या कोळीण बाईची होडीही नाही आणि जाळेही नाही. टाळेबंदीत तिचा बाजार बंद झाला, वादळात तिचा पुरवठा बंद झाला, आणि पंचनाम्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

रकान्याची ही गोष्ट बागायतदारांच्या बाबतीत तर फार खोल जाते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कुळकायद्याने जमिनी नावावर झाल्या, पण त्यानंतर वाटण्या कागदावर आल्याच नाहीत. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतली काही दिवंगत, बरीचशी मुंबई-ठाण्यात. नुकसानभरपाई एकाच्या खात्यावर जमा करायची तर इतरांची संमतीपत्रे हवीत. २०२० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत होता आणि रेल्वेची नियमित वाहतूक बंद होती. अशा वेळी डोंबिवलीच्या चुलतभावाची सही दिवेआगरला आणायची कशी? वाडी वर्षानुवर्षे राबून उभी केली एकाने आणि मदत अडली विसांच्या सह्यांसाठी, असे घरोघर झाले. रत्नागिरी-देवगडच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार. तिथल्या कितीतरी बागा मूळ मालक करीत नाहीत. हंगामापुरत्या किंवा काही वर्षांच्या कराराने त्या दुसऱ्याने घेतलेल्या असतात. फवारणीचा खर्च त्याचा, राखणीला ठेवलेल्या नेपाळी गड्यांचा पगार त्याचा, पेट्या भरण्यासाठी व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल त्याच्या डोक्यावर. तौक्तेने झाडावरचा आंबा पाडला तेव्हा बुडाला तो. मदतीची रक्कम मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला. तोंडी कराराला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व नाही, हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. कूळ कोण आणि कसतो कोण हा प्रश्न महाराष्ट्राने १९५०च्या दशकात सोडवला अशी समजूत आहे. तो नव्या वेषात परत आला आहे, आणि आपत्ती आली की उघडा पडतो.

शहरांत हेच दुखणे कर्जाच्या रूपाने दिसते. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने लहान उद्योग-व्यवसायांसाठी तातडीची कर्जहमी योजना आणली. टाळेबंदीत कोंडलेल्या दुकानदारांना नवे कर्ज, आणि मुद्दलाच्या परतफेडीला एक वर्षाची सवलत. ज्या व्यापाऱ्यांनी त्या पावसाळ्यात हे कर्ज उचलले त्यांचे मुद्दलाचे हप्ते २०२१ च्या पावसाळ्यात सुरू व्हायचे होते. नेमक्या त्याच जुलैत चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठांत पाणी शिरले. माल चिखलात गेला आणि हप्ता उभा राहिला. राज्याने दुकानदाराला ५०,००० आणि टपरीधारकाला १०,००० रुपये दिले. ते शटर, वजनकाटा आणि साफसफाई यांतच गेले असणार. ही दोन्ही गावे २६ जुलै २००५ रोजीही बुडाली होती. वाशिष्ठीचा पूर कोयनेच्या अवजलाने किती वाढला हा वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा. नदीचे पात्र गाळाने भरले होते यात कोणाचे दुमत नाही. हा गाळ काढावा म्हणून चिपळूणच्या नागरिकांना डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कामाला गती आली. नदीचा गाळ काढणे हे नगरपालिकेचे नाले साफ करण्यासारखे दरवर्षीचे काम मानले गेले पाहिजे. त्याला उपोषणाचे निमित्त लागावे ही राज्यकर्त्यांना शोभणारी गोष्ट नव्हे.

इथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. बागा आणि होड्या यांवर कोकण किती दिवस जगणार. मोठे प्रकल्प येऊ द्या, रोजगार आपोआप निर्माण होईल. सकृद्दर्शनी हा युक्तिवाद आकर्षक आहे, आणि कारखानाच नको असे म्हणणाऱ्यांनी तरुणांना काय द्यायचे हे सांगितले पाहिजे, हेही खरे. परंतु नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची घोषणा तीन लाख कोटी रुपयांची होती. मार्च २०१९ मध्ये त्याची भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली, पुढे बारसूत तोच संघर्ष नव्याने झाला. घोषणा आणि रद्दबातल यांच्या मधल्या वर्षांत त्या पंचक्रोशीत कोणी नवे कलम लावायला धजत नाही, कारण जमीन राहणार की जाणार हे कळत नाही. अनिश्चिततेची ही किंमत प्रकल्प-अहवालात मांडलेली नसते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी पूर्ण झाले नाही. पर्यटनातून कोकणची उभारी अशी भाषणे त्याच रस्त्यावरच्या खड्ड्यांतून प्रवास करून दिली जातात. ज्या प्रदेशाची हाताशी असलेली मत्ता पडून आहे तिथे नव्या मत्तेची वाट पाहत बसणे अर्थशास्त्रात बसत नाही.

हाताशी असलेली मत्ता उभी कशी करावी याचा धडा महाराष्ट्राजवळ स्वतःचाच आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि १९९० मध्ये फळबाग लागवड तिला जोडली गेली. खड्डे खणण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतची मजुरी शासनाने दिली, तीही तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, झाडे जगली आहेत हे पाहून. कोकणातील वरकस डोंगरउतारांवर आज दिसणाऱ्या आंबा-काजूच्या बागांपैकी मोठा हिस्सा त्या योजनेचा आहे. तिच्यातही लहान खातेदाराला कमी आणि मोठ्याला अधिक मिळाले, ही टीका खरी आहे. पण झाडाच्या वाढीशी शासनाचा पैसा बांधता येतो, हे तिने सिद्ध केले. आपत्तीनंतरच्या मदतीला हेच तत्त्व का लावू नये? पडलेल्या झाडामागे एकदाच पन्नास रुपये टेकवण्याऐवजी त्या वाडीत नवे झाड फळास येईपर्यंत, पोफळीला सहा वर्षे, माडाला आठ, आळी, खत, पाणी आणि राखण यांची मजुरी त्या कुटुंबाला स्वतःच्या वाडीत राबण्यासाठी द्यावी. एवढी वर्षे आंतरपीक म्हणून केळी, अननस, मिरी घेण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शन आहेच. १९७२ पासून हे विद्यापीठ त्याच कामासाठी उभे आहे.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. ३ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य शासनाने पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटी रुपयांची घोषणा केली, तीत ७,००० कोटी आपत्ती-निवारणाच्या दीर्घकालीन उपायांसाठी होते. त्यांपैकी कोणत्या तालुक्यात किती खर्च झाले याचा तालुकावार हिशेब विधिमंडळापुढे यायला हवा. पैसा नाही हे त्यानंतरच म्हणता येईल. तौक्तेच्या वेळी गुजरातला पंतप्रधानांनी हवाई पाहणी करून १,००० कोटी रुपये जाहीर केले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला काय, यावर बरीच खडाजंगी झाली. ती रास्तही होती. परंतु केंद्राशी भांडताना राज्याने स्वतःच्या २५२ कोटींच्या मदतीत कसणाऱ्यांपर्यंत किती पोहोचले हेही मोजले असते तर त्या भांडणाला वजन आले असते.

कसणाऱ्याची नोंद करण्याचे साधन आता उपलब्ध आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात मोबाइलवरून ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत झाडांची संख्या आणि वय यांची नोंद गाववार पूर्ण करावी, आणि प्रत्यक्ष बाग कोण करतो याचा एक रकाना घालावा. सामाईक सातबाऱ्याच्या बाबतीत वीस संमतीपत्रांऐवजी ग्रामसभेचा ठराव पुरावा मानावा. वाडीत कोण राबतो हे गावाला ठाऊक असते, आणि खोटे बोलणाऱ्याला गावापुढे बोलावे लागते. मासे विकणाऱ्या स्त्रियांची नोंद मच्छीमार सहकारी संस्थांनी सभासद म्हणून करावी. वादळानंतर पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा ही यादी त्याच्या हातात आधीच असली पाहिजे.

२०२५ मध्ये पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला आणि झाडावर राहिलेला आंबा पुन्हा मातीत गेला. वादळे आणि अवेळी पाऊस हा कोकणच्या हवामानाचा नित्याचा भाग होत चालला आहे, तेव्हा याद्यांचे काम पुढच्या आपत्तीवर टाकता येणार नाही. पोफळीची रोपे पावसाच्या सुरुवातीला लावायची असतात आणि खड्डे उन्हाळ्यात खणावे लागतात. म्हणजे ग्रामसभांचे ठराव शिमग्यापूर्वी व्हायला हवेत, कारण शिमग्याला चाकरमानी गावी येतो आणि सातबाऱ्यावरच्या बहुतेक सह्या तेव्हा एका अंगणात मिळतात.